घरचे व्हिडिओ टॅबलेटवर, न अडखळता

लग्नाच्या व्हीसीडी, मुंजीची डीव्हीडी, फोनमधून उतरवून घेतलेले बारशाचे आणि सहलींचे व्हिडिओ असा ऐवज बऱ्याच घरांत एका हार्ड डिस्कवर निमूट पडून असतो. ६४ जीबीच्या अँड्रॉइड टॅबलेटमध्ये तो मावत नाही. मावायची गरजही नाही. डिस्क एका जुन्या लॅपटॉपला जोडून ठेवायची आणि टॅबलेटने हवं ते घरच्या वाय-फायवरून घ्यायचं. यात इंटरनेटचा डेटा खर्च होत नाही. बाहेरचा फायबर तुटला तरी राउटरला वीज आहे तोवर व्हिडिओ चालतो.

हे जुळवणारे बहुतेक लोक एकाच ठिकाणी अडकतात. चित्र थांबत थांबत येतं, गोल चक्र फिरत राहतं आणि सगळा दोष वाय-फायवर जातो. जरा आकडे पाहा. व्हीसीडीच्या चित्राला सेकंदाला १.१५ मेगाबिट लागतात. डीव्हीडीची कमाल मर्यादा १० मेगाबिटच्या आसपास आहे. फोनचा १०८० पी व्हिडिओ साधारण १५ ते २० मेगाबिटचा असतो. पलीकडच्या खोलीतलं मध्यम वाय-फायसुद्धा एवढं सहज वाहून नेतं. अडखळतो तो बहुधा लॅपटॉप, कारण टॅबलेटला फाइल समजत नाही म्हणून तो ती चालता चालता नव्याने एन्कोड करत, म्हणजे दुसऱ्या स्वरूपात बदलत, बसलेला असतो. यालाच ट्रान्सकोडिंग म्हणतात. म्हणून सगळी मेहनत इथे करायची: फाइली अशा ठेवायच्या की सर्व्हरने, म्हणजे लॅपटॉपवरून फाइली पुरवणाऱ्या प्रोग्रॅमने, त्या जशाच्या तशा उचलून द्याव्यात. मग दहा वर्षांचा लॅपटॉपही पुरतो.

सर्व्हर म्हणून जेलीफिन घ्या. २०१८ मध्ये एम्बी या तशाच सर्व्हर प्रोग्रॅमने आपला कोड इतरांसाठी बंद केल्यावर त्यातून फुटून निघालेला हा मुक्त प्रकल्प आहे. कुठल्या कंपनीकडे खातं, वर्गणी, जाहिरात यातलं काही लागत नाही. लॅपटॉपवर जेलीफिन सर्व्हर आणि टॅबलेटवर प्ले स्टोअरमधलं जेलीफिन अ‍ॅप, एवढाच पसारा. लायब्ररी जोडताना घरगुती चित्रणासाठी 'होम व्हिडिओज अँड फोटोज' हा प्रकार निवडा. चुकून 'मूव्हीज' निवडलं तर जेलीफिन इंटरनेटवर त्या नावाचा सिनेमा शोधतं आणि 'साखरपुडा' नावाच्या फोल्डरला भलतंच पोस्टर चिकटवून देतं.

लिनक्स वापरत असाल तर आणखी एक खोच आहे. बाहेरची डिस्क आपोआप माउंट झाली, म्हणजे सिस्टिमला जोडली गेली, की ती फक्त तुमच्या युजरला दिसते. जेलीफिन स्वतःच्या वेगळ्या युजरखाली चालतं, त्यामुळे त्याला फोल्डर रिकामा दिसतो. डिस्क फाइल सिस्टिम टेबलमधून (एफएसटॅब फाइलीतून) ठरावीक जागी माउंट करा आणि वरपासून खालपर्यंत प्रत्येक फोल्डरला वाचण्याची आणि आत शिरण्याची परवानगी द्या. फक्त शेवटच्या फोल्डरला परवानगी देऊन भागत नाही.

आता टॅबलेटकडे या. अ‍ॅपच्या क्लायंट सेटिंग्जमध्ये व्हिडिओ प्लेअरचा प्रकार विचारलेला असतो. वेब प्लेअर असेल तर तो बदलून इंटिग्रेटेड प्लेअर करा. वेब प्लेअर ब्राउझरच्या इंजिनावर चालतो, त्यामुळे टॅबलेटच्या चिपला जे जमतं त्यातलंही बरंच त्याला जमत नाही. एमकेव्ही फाइल दिसली की तो सर्व्हरकडे हात पसरतो. सगळ्या सेटिंग्जमध्ये सर्वांत जास्त फरक पाडणारी हीच. दुसरी म्हणजे क्वालिटी. ती 'ऑटो'वर असली की अ‍ॅप स्वतः वेगाचा अंदाज बांधतं, आणि अंदाज कमी निघाला तर चांगली फाइलही विनाकारण ट्रान्सकोड होते. घरात ती कमाल पातळीवर ठेवा.

खरं काय चाललंय ते डोळ्यांनी पाहता येतं. व्हिडिओ सुरू करा आणि लॅपटॉपवर जेलीफिनचा डॅशबोर्ड उघडा. चालू सत्राच्या चौकटीत 'डायरेक्ट प्ले' की 'ट्रान्सकोडिंग' हे लिहिलेलं असतं, आणि ट्रान्सकोडिंग असेल तर त्याचं कारणही. कोडेक म्हणजे चित्र किंवा आवाज दाबून साठवायची पद्धत. ऑडिओ कोडेक चालत नाही असं कारण असेल तर घाबरायचं काम नाही. फक्त आवाज बदलला जातो, तो भार किरकोळ असतो. डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस आवाज असलेल्या फाइलींत हे होऊ शकतं. व्हिडिओ कोडेक, बिटरेट किंवा सबटायटल हे कारण दिसलं तर मात्र दुरुस्ती करायला हवी.

जुन्या माध्यमांपैकी व्हीसीडी आधी हाताळा, कारण त्या आधी मरतात. एमपीईजीएव्ही फोल्डरमधली डीएटी फाइल म्हणजे चित्रण. ती थेट कॉपी करा, डिस्कची आयएसओ इमेज काढू नका. व्हीसीडीचे सेक्टर साध्या डेटा सीडीपेक्षा वेगळ्या घडणीचे असतात. त्यांत २०४८ ऐवजी २३२४ बाइट भरलेले असतात, आणि ती जास्तीची जागा चूक-दुरुस्तीचा एक थर काढून मिळवलेली असते. म्हणून साधी आयएसओ बिघडलेली निघते, आणि म्हणूनच एवढाच ओरखडा डेटा सीडीपेक्षा व्हीसीडीला जास्त भोवतो. कॉपी मध्येच अडकून विंडोजने 'सायक्लिक रिडंडन्सी चेक' म्हटलं तर डिस्क मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल नाही. तरीही अडली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहा. एका ड्राइव्हने नाकारलेली डिस्क दुसरा वाचतो, हे अनेकदा होतं.

डीएटी हे नाव बऱ्याच प्रोग्रॅमना व्हिडिओचं वाटत नाही. हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅमला ती फाइल देऊन एमपी४ करून घ्या: व्हिडिओ एच.२६४, क्वालिटी आरएफ १८ ते २०, आवाज एएसी १६० केबीपीएस. मूळ चित्र ३५२ बाय २८८ चं आहे, ते मोठं करू नका. ओढून १०८० पी केल्याने फाइल फुगते, चेहरे स्पष्ट होत नाहीत. आणि सोबतची 'वेब ऑप्टिमाइझ्ड'ची खूण जरूर करा. एमपी४ फाइलीची अनुक्रमणिका एरवी शेवटी असते. ही खूण केल्यावर ती सुरुवातीला येते आणि व्हिडिओ चटकन सुरू होतो.

डीव्हीडीत काम जास्त आहे. तिच्यातल्या व्हीओबी फाइली प्रत्येकी साधारण १ जीबीला तोडलेल्या असतात. त्या एकेक करून बदलायला घेतल्या तर जोडावर आवाज तुटतो किंवा मागेपुढे होतो. हँडब्रेकला अख्खा व्हिडिओ टीएस फोल्डर द्या, तो सलग एक कार्यक्रम म्हणून वाचतो. लग्नाचं चित्रण करणाऱ्यांचे त्या काळचे कॅमेरे इंटरलेस्ड पद्धतीने चित्र घेत, म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं, आळीपाळीने विषम आणि सम ओळींची. टॅबलेटवर ते जसंच्या तसं लावलं तर हलत्या हातांच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. फिल्टर्समध्ये डीइंटरलेससाठी 'याडिफ' निवडा आणि प्रकार 'बॉब' ठेवा. मग प्रत्येक अर्ध्या चित्रातून एक पूर्ण फ्रेम तयार होऊन सेकंदाला ५० फ्रेम मिळतात, आणि वरातीतला नाच कॅमेऱ्याने टिपला तसाच सुळसुळीत दिसतो. इथे एक फसगत होते. हँडब्रेकच्या ज्या तयार प्रीसेटच्या नावात शेवटी २५ किंवा ३० आहे तो फ्रेमरेट तेवढ्यावरच आणून ठेवतो आणि बॉबची मेहनत वाया जाते. फ्रेमरेट 'सेम अ‍ॅज सोर्स' करा, मगच रांगेत टाका.

फोनचे व्हिडिओ सहसा न बदलता चालतात. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच टॅबलेटना एच.२६५ समजतं. अडचण जुन्या किंवा अगदी स्वस्त टॅबलेटवर, आणि आयफोनच्या एचडीआर चित्रणात येते. एचडीआर, म्हणजे उजेड आणि रंगांचा जास्त पल्ला असलेलं चित्रण, साध्या पडद्यावर धुरकट, फिकट दिसतं. अशांची एच.२६४ मधली १०८० पी प्रत वेगळी करून ठेवा. ४के चित्रणाची मूळ फाइल कधीच पुसू नका, पण १९२० बाय १२०० च्या पडद्याला ती पाठवून काही मिळत नाही.

कितीही तयारी केली तरी काही फाइली ट्रान्सकोड होणारच. तिथे लॅपटॉपमधली इंटेलची ग्राफिक्स चिप कामी येते. डॅशबोर्डच्या प्लेबॅक भागात हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन 'क्विक सिंक' करा. सहाव्या पिढीपासूनचे प्रोसेसर साधं एच.२६५ वाचतात, १० बिटचं वाचायला सातवी पिढी लागते. चिपला न जमणाऱ्या कोडेकासमोर तिथे खूण केली तर व्हिडिओ सुरूच होत नाही, म्हणून आपल्या पिढीला जमतं तेवढ्यालाच खूण करा. रास्पबेरी पाय ५ हा चिमुकला संगणक घ्यायच्या विचारात असाल तर लक्षात ठेवा: त्यात हार्डवेअर एन्कोडर नाही. फाइली जशाच्या तशा द्यायला तो उत्तम, ट्रान्सकोडिंगला नाही.

मराठी सबटायटलांचं दुखणं वेगळंच आहे. एसआरटी, म्हणजे सबटायटलांच्या साध्या मजकुराच्या, फाइलीचं नाव व्हिडिओच्या नावासारखंच ठेवून शेवटी एम आर हा भाषासंकेत जोडला की जेलीफिन ती मराठी म्हणून दाखवतं. पडद्यावर प्रश्नचिन्हं आली तर फाइल नोटपॅडमधून एएनएसआय मध्ये जतन झालेली असते आणि त्यातली देवनागरी कायमची गेलेली असते. मूळ प्रत शोधून यूटीएफ-८ मध्ये जतन करा. इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गिचका दिसला तर मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला आहे. एन्कोडिंग बदलून तो सुधारत नाही, कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्यावा लागतो. डीव्हीडीवरची सबटायटलं तर अक्षरं नसून चित्रं असतात. ती चालू केली की सर्व्हर बहुधा ती व्हिडिओवर छापायला बसतो आणि पूर्ण चित्र ट्रान्सकोड होतं. एवढा वेळ नीट चाललेला व्हिडिओ सबटायटल लावताच अडखळू लागला, तर कारण हेच.

नेटवर्कमध्ये एकच गोष्ट मनापासून करा: लॅपटॉप राउटरला केबलने जोडा. लॅपटॉप आणि टॅबलेट दोन्ही एकाच वाय-फाय बँडवर असतील तर प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जातं, एकदा राउटरकडे आणि एकदा राउटरकडून. हाती लागणारा वेग सुमारे निम्मा होतो. पाच मीटरच्या कॅट ५ई केबलने हे संपतं, आणि राउटरचं पोर्ट १०० मेगाबिटचं असलं तरी पुरतं. टॅबलेट ५ गिगाहर्ट्झवर ठेवा. मधे आरसीसीच्या दोन भिंती असतील तर मात्र २.४ बरा पडतो. सोसायटीत त्याच्यावर गर्दी असते, तेव्हा चॅनेल १, ६ आणि ११ यांपैकी सर्वांत मोकळा निवडा.

अ‍ॅपला सर्व्हर सापडतच नसेल तर क्रमाने तपासा. टॅबलेट गेस्ट वाय-फायवर नाही ना? तिथे उपकरणांना एकमेकांशी बोलू दिलं जात नाही. टॅबलेटवर व्हीपीएन चालू नाही ना? विंडोजने तुमचं नेटवर्क 'पब्लिक' मानलेलं नाही ना? ते 'प्रायव्हेट' करा, नाहीतर फायरवॉल दार लावून बसतो. मग टॅबलेटच्या क्रोममध्ये लॅपटॉपचा पत्ता पोर्टसह टाका, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०:८०९६, आणि सुरुवातीला एचटीटीपी लिहा, शेवटच्या एसशिवाय. पान उघडलं म्हणजे नेटवर्क ठीक आहे. आज उघडलं आणि आठवड्याने नाही, तर राउटरने लॅपटॉपला नवा पत्ता दिलेला असतो. राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये तो पत्ता लॅपटॉपसाठी राखून ठेवा.

इतका खटाटोप नको असेल तर विंडोजमध्ये फोल्डर शेअर करा आणि टॅबलेटवर व्हीएलसीच्या ब्राउझमधून लोकल नेटवर्क उघडा. व्हीएलसी स्वतःचे डीकोडर घेऊन येतो, त्यामुळे एमपीईजी-२ सुद्धा न बदलता लावतो आणि इंटरलेस्ड चित्रही सांभाळतो. पासवर्ड विचारल्यावर लॅपटॉप उघडायचा चार आकडी पिन टाकून उपयोग नाही, तो त्या लॅपटॉपपुरता असतो. शेअरिंगसाठी पासवर्ड असलेलं वेगळं स्थानिक युजर खातं उघडा आणि त्याला फक्त वाचायची परवानगी द्या. कुठेतरी एसएमबी १ ही शेअरिंगची जुनी पद्धत सुरू करा असा सल्ला मिळेल, तो मानू नका. ती पद्धत असुरक्षित म्हणूनच विंडोजने बंद ठेवली आहे. जेलीफिन कुठवर पाहिलं ते लक्षात ठेवतं, पोस्टर आणि फोल्डर नीट मांडतं. घरातल्या ज्येष्ठांच्या हाती टॅबलेट जाणार असेल तर तेच बरं.

लॅपटॉपचं झाकण लावल्यावर काहीच होऊ नये अशी पॉवर सेटिंग करा आणि स्लीप बंद ठेवा. जेलीफिनची साधी स्थापना लॉगिन झाल्यावरच सुरू होते. विंडोज अपडेटने रात्रीत रीस्टार्ट घेतला की सकाळी सर्व्हर गायब, म्हणून एकदा लॉगिन करून द्यावं लागतं. सतत चार्जरवर असलेल्या जुन्या बॅटरीकडे विशेष लक्ष द्या. कंपनीच्या सेटिंगमध्ये चार्जिंग ६० ते ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती लावा. टचपॅड वर उचललेला किंवा बूड फुगलेलं दिसलं तर लॅपटॉप त्याच दिवशी बंद करून बॅटरी जाणकाराकडून काढवून घ्या.