सतरा नंबरचा अर्ज आणि जुन्या नावाचा दाखला

दहावीला बसायचे ठरवले तेव्हा मला अभ्यासाची धास्ती फारशी नव्हती. धास्ती होती ती शाळा सोडल्याच्या दाखल्याची. त्या दाखल्यावर एका मुलाचे नाव होते आणि तो दाखला घेऊन शाळेच्या दारात मी, एक तृतीयपंथी स्त्री, उभी राहणार होते.

मी नववीत शाळा सोडली ते वर्ष २०१४. त्याच वर्षी १५ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या (नाल्सा) खटल्यात तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला होता, परंतु सोलापुरातल्या आमच्या वर्गापर्यंत त्याची वार्ता आलेली नव्हती. मुलांच्या स्वच्छतागृहात जावे लागू नये म्हणून मी दिवसभर पाणी पिणे टाळत असे, आणि पुढे शाळेत जाणेच टाळू लागले. आई विड्या वळत असे. तिच्या मजुरीला हातभार म्हणून मी गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात काज-बटणाच्या कामाला लागले. शाळेत न जाणाऱ्या मुलीच्या हातून किती शाळांचे गणवेश गेले असतील, यावर आम्ही दोघी अजूनही हसतो.

२०२२ मध्ये मी पहिल्यांदा तृतीयपंथी म्हणून ओळख प्रमाणपत्रासाठी अर्ज केला. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा कायदा २०१९ चा, त्याचे नियम २०२० चे; त्यांनुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे राष्ट्रीय पोर्टलवरून अर्ज करायचा आणि सोबत प्रतिज्ञापत्र जोडायचे, एवढेच अपेक्षित होते. त्या प्रमाणपत्रासाठी वैद्यकीय तपासणीची अट नव्हती. तरीही एका टेबलावर मला डॉक्टरांचा दाखला मागण्यात आला. नियमांची छापील प्रत मी सोबत नेली होती. ती पुढे ठेवल्यावर मागणी मागे घेतली गेली. तोंडी वाद घालण्यापेक्षा कागदासमोर कागद ठेवणे बरे, हे मत माझे तेव्हापासूनच झाले. प्रमाणपत्र हाती आल्यावर राजपत्रात नाव बदलाची जाहिरात दिली आणि मग आधार कार्ड बदलून घेतले. राजपत्राला मी फार महत्त्व देते, कारण जुने आणि नवे नाव एकाच ठिकाणी छापलेले असल्यामुळे ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही.

खरी अडचण दाखल्यापाशी आली. कायद्याप्रमाणे प्रमाणपत्रधारक व्यक्तीला अधिकृत कागदपत्रांवरील आपले नाव बदलून घेता येते, शैक्षणिक प्रमाणपत्रे त्यांत मोडतात आणि अर्ज आल्यापासून पंधरा दिवसांत बदल करावा, असे नियम सांगतात. मात्र माझ्या जुन्या शाळेच्या कार्यालयाने माध्यमिक शाळा संहितेकडे बोट दाखवले : विद्यार्थ्याने शाळा सोडल्यावर जनरल रजिस्टरमधील, म्हणजे विद्यार्थ्यांच्या मूळ नोंदवहीतील, नोंद बदलता येत नाही, बदलायची झाल्यास शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी हवी. प्रस्ताव जिल्हा परिषदेत गेला आणि तिथे थांबला. इकडे नियमित शाळेत न जाता परीक्षेला बसणाऱ्या खासगी विद्यार्थ्यांसाठीच्या सतरा नंबरच्या अर्जाची मुदत संपत आली होती.

माझ्याच परिस्थितीतील एका मैत्रिणीने दाखला दुरुस्त होईपर्यंत थांबायचे ठरवले होते. जुन्या नावाने परीक्षा देणे म्हणजे मागे जाणे, असे तिचे म्हणणे. तिचे दुःख मला कळत होते, तरी मला ते पटले नाही. नाव पुढेही बदलता येते, गेलेले वर्ष परत मिळत नाही. मी दाखल्यावरील जुन्या नावानेच अर्ज भरला आणि सोबत राजपत्राची व ओळख प्रमाणपत्राची प्रत जोडली.

मंडळाने नेमून दिलेल्या संपर्क केंद्राच्या शाळेत मूळ कागदपत्रे जमा करायची होती, आणि अंतर्गत मूल्यमापनासाठी तिथे जाणे-येणेही होणार होते. तिथल्या मुख्याध्यापिका बाईंकडे मी एक लेखी विनंती दिली. हजेरी घेताना मला आडनावाने पुकारावे, शिक्षिकांचे स्वच्छतागृह मला वापरू द्यावे आणि काही त्रास झाला तर मी कोणाकडे जावे हे आधीच सांगून ठेवावे, अशा तीनच गोष्टी त्यात होत्या. बाईंनी अर्ज दोनदा वाचला. मग त्या म्हणाल्या, “शिपायापासून सगळ्यांना मी आजच सांगते, तुला प्रत्येकाला समजावत बसायला नको.” त्यांनी त्याच अर्जावर शेरा मारून सही केली आणि एक प्रत मला दिली. पुढे एका सरांनी माझे जुने नाव मुद्दाम मोठ्याने उच्चारले, तेव्हा ती प्रत मी त्यांच्यापुढे ठेवली. पुन्हा तसे घडले नाही. सोबतची मुले माझ्याहून बरीच लहान होती आणि त्यांना माझ्या असण्यापेक्षा भूमितीच्या प्रमेयांची काळजी जास्त होती, हेही इथे नोंदवले पाहिजे.

परीक्षेच्या आधी एक प्रश्न उरला होता. प्रवेशपत्रावर साडीतला फोटो आणि मुलाचे नाव, अशा उमेदवाराची केंद्राच्या दारात झडती कोण घेणार, आणि भरारी पथक आले तर तोतयेगिरीचा संशय घेणार नाही कशावरून? मुख्याध्यापिका बाईंनी फोटोवर शिक्का व सही केलीच, शिवाय केंद्रसंचालकांच्या नावे एक पत्र दिले आणि तपासणी शिक्षिकेने करावी असे त्यात स्पष्ट लिहिले. पहिल्या पेपरला मी तासभर आधी पोहोचले. पत्र वाचून केंद्रसंचालकांनी मला कार्यालयाच्या बाजूच्या खोलीत नेऊन एका शिक्षिकेकडून तपासणी करवली, आणि पुढच्या पेपरांना मला कोणी अडवले नाही. मार्च २०२४ ची परीक्षा अशी पार पडली. गणिताच्या दुसऱ्या भागात मी काठावर होते. सामाजिक शास्त्रांच्या गुणांनी आईला आनंद झाला.

अकरावीला मी नियमित विद्यार्थिनी म्हणून कला शाखेत प्रवेश घेतला. प्रवेश अर्जावर नवे नाव लिहिले आणि गुणपत्रिकेला राजपत्र जोडले. लिपिकाने दोन्ही कागद ताडून पाहिले व पावती नव्या नावाने फाडली. जिल्हा परिषदेची परवानगी त्यानंतर आली, जनरल रजिस्टरमध्ये लाल शाईने नवी नोंद झाली आणि त्याच आधारे दहावीच्या प्रमाणपत्रावरील नाव बदलण्याचा प्रस्ताव पुण्याच्या विभागीय मंडळाकडे गेला. बैठक क्रमांक तोच राहील, नाव तेवढे बदलेल. मैत्रिणीचा दाखलाही दुरुस्त झाला आहे. तिला सतरा नंबरच्या अर्जासाठी लागणारे कागद मी एका फाइलमध्ये लावून दिले आहेत, आणि मुख्याध्यापिकांना द्यायच्या विनंतीचा मसुदा सर्वांत वर ठेवला आहे.