कुंदा बॅगेत नको, नारळ चालेल

जुलै लागला की बेळगावातून मेसेज सुरू होतात. "ताई, आखेनचं ॲडमिशन आलं, काय काय आणू?" मुलाचं विचारून झालं की फोन आईच्या हातात जातो आणि प्रश्न बदलतात: ज्वारीचं पीठ मिळतं काय, थंडी किती, खोलीत सोबतीला कोण असणार. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून ठेवते. मी खानापूर तालुक्यातली. शाळा मराठी, इंजिनिअरिंग बेळगावात, आणि आता मास्टर्स जर्मनीच्या पार पश्चिमेला, नेदरलँड्स आणि बेल्जियमच्या हद्दीला चिकटलेल्या आखेनमध्ये. सीमाभागातून उठली आणि पुन्हा सीमाभागातच जाऊन बसली, असं बाबा म्हणतात.

आधी बॅगेचं बघू. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे. कुंदा म्हणजे आटवलेलं दूधच, तेव्हा तो नको. पेढे नकोत, तूप नको. ताजा कढीपत्ता, लिंबं, आंबे हेही रोपांच्या आरोग्याचा सरकारी दाखला असल्याशिवाय चालत नाहीत. त्या दाखल्यातून सुटलेली फळं पाचच: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. म्हणजे निघताना आजी हातात नारळ देणारच असेल तर तो बिनधास्त आणा. संकेश्वरी मिरचीचं तिखट, कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट यांना काही अडचण नाही. तीन लिटरचा कुकर आणा, बूड इंडक्शनला चालणारं बघा, आणि त्याच्या रिंगा जास्तीच्या घ्या. इथं रिंग शोधत फिरण्यात अख्खा शनिवार जातो. ज्वारीचं पीठ आशियाई दुकानात मिळतं, पण महाग. जाड स्वेटर मात्र खडे बाजारातून विकत घेऊ नका. इथली थंडी वाऱ्याची आणि ओली असते, लोकर तिच्यापुढं टिकत नाही. टोपीवालं, पाणी न शिरणारं जॅकेट इथंच घ्यायचं. बेळगावचा पावसाळा काढलेल्याला आखेनच्या पावसाचं काही वाटत नाही, ते एक बरं आहे.

कागदांचं निघायच्या आधी उरका. २०१४ च्या १ नोव्हेंबरला बेळगाव शहराचं सरकारी नाव बदलून बेळगावी झालं, त्यामुळे तुमच्या जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग आणि पासपोर्टवर दुसरं असण्याची शक्यता मोठी. इथल्या प्रत्येक फॉर्मवर जन्मस्थळ विचारतात. पासपोर्टवर जे आहे तेच, त्याच अक्षरांत, सगळीकडे लिहा. नावाचं दुखणं याहून मोठं. एखाद्या मार्क्स कार्डावर आडनावाच्या जागी नुसतं आद्याक्षर, पदवीवर पूर्ण नाव, पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये, असं झालं असेल तर ते तिथंच निस्तरा; इथून निस्तरायला सहा पट वेळ लागतो. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी एपीएस सर्टिफिकेट (शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचा जर्मन दाखला) लागतं आणि त्यातही हीच कागदपत्रं तपासतात. व्हीटीयूचं, म्हणजे आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या विद्यापीठाचं, मुख्यालय बेळगावजवळ मच्छेला आहे, हे आपलं नशीब. ट्रान्सक्रिप्टचं काही अडलं तर बंगळुरूच्या पोराला रात्रभर प्रवास करावा लागतो, आपण दुपारी जाऊन उभे राहू शकतो.

आता पैसा. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (राहण्याच्या खर्चाची हमी म्हणून व्हिसासाठी उघडायचं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरायचे आणि महिन्याला ९९२ सुटतात, हे सगळ्यांना पाठ असतं. पण इथं बँक खातं उघडेपर्यंत त्यातला एक युरोही हाताला लागत नाही. घरमालक कायद्याप्रमाणे मूळ भाड्याच्या तीन महिन्यांइतकं डिपॉझिट मागू शकतो. तेव्हा पहिल्या महिन्याचं भाडं, डिपॉझिट आणि खायचा खर्च एवढं कार्डावर वेगळं ठेवून या. भाडं विचारताना हीटिंग आणि पाणी धरून किती, असंच विचारा, नाहीतर वर्षाच्या शेवटी हिशोब येतो.

राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत महापालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. त्याला घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं. अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, म्हणून बेळगावात असतानाच ऑनलाइन घ्या. आणि खोलीची चावी मिळाली की त्याच दिवशी लेटरबॉक्सवर आपलं नाव चिकटवा. आमच्या गल्लीत पोस्टमन पाकिटावर नुसतं 'पाटील' वाचून थोरल्या घरचं की धाकट्या घरचं ते ओळखतो. इथं पत्त्यात खोलीचा नंबर नसतो, पेटीवर नाव नसेल तर पत्र सरळ परत जातं. बँकेचं कार्ड, विमा, टॅक्स नंबर सगळं पोस्टानेच येतं. रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचंही पत्र येईल, महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नाही म्हणून ते फाडू नका. ही वर्गणी घरामागे एक असते, चौघे मिळून राहत असाल तर एकाने भरायची आणि वाटून घ्यायची.

खोली शोधताना कुणीतरी सांगेल, हद्दीपलीकडे फाल्स या डच गावात बघ, बस जाते. बस जाते हे खरं. डच विद्यार्थ्याला किंवा जर्मनाला ते चालतं. आपला परवाना जर्मनीत राहण्याचा आहे, नेदरलँड्समध्ये घर करण्याचा नाही. फिरायला, भाजी आणायला जा, पण खिशात पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड ठेवून. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीनं सगळ्या जमिनीवरच्या हद्दींवर तपासणी सुरू केली. महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीवरच्या आपल्या कोगनोळी नाक्यासारखंच असतं ते: महिना महिना कुणी हटकत नाही आणि एखाद्या दिवशी अख्खी बस थांबवतात.

अभ्यासाबद्दल मुलं सगळ्यात कमी विचारतात, आणि अडकतात तिथंच. आपल्याकडं इंटर्नल असतात, ८५ टक्के हजेरी असते, मागं पडलात तर सर केबिनला बोलावतात, नाहीतर घरी फोन करतात. इथं बहुतेक लेक्चरना हजेरीच नाही. चारशे मुलांचा हॉल, प्राध्यापक दीड तास बोलतात, शेवटी सगळे बाकावर बोटांच्या हाडांनी ठकठक करतात (ती इथली टाळी, घाबरू नका) आणि पांगतात. बऱ्याच विषयांना सेमिस्टरअखेर एकच परीक्षा, सगळे गुण तिच्यावर. त्या परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते, तिची मुदत वेगळी, आणि मुदत गेली की गेली. खिडकीशी जाऊन "सर, एवढं बघा की हो" म्हणायची सोय नाही, कारण खिडकीच नाही, वेबसाइट आहे. पहिल्या आठवड्यात बाकी काही करू नका, फक्त या तारखा फोनमध्ये घाला: नोंदणी सुरू, नोंदणी बंद, नाव मागं घेण्याची शेवटची तारीख, परीक्षा.

गुण उलटे असतात. १.० म्हणजे उत्तम, ४.० म्हणजे कसाबसा पास, त्यापुढं नापास. एका परीक्षेला साधारणपणे तीनदा बसता येतं. तिन्ही वेळा गेली तर तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडे पुन्हा सुरू करणंही बहुधा बंद होतं. हे ऐकून घरचे घाबरतात, पण त्याचा खरा अर्थ एवढाच की तयारी नसताना "बसून तर बघू" म्हणून परीक्षेला जाऊ नये. नाव वेळेत मागं घेतलं तर संधी वाया जात नाही. कागदावर सेमिस्टरला ३० क्रेडिट असतात आणि एक क्रेडिट म्हणजे जवळपास ३० तासांचं काम. पहिल्या सेमिस्टरला घर, बँक, भाषा, स्वयंपाक हेही विषयच आहेत असं धरा आणि वीसेक क्रेडिटच उचला. कोर्स सहा महिने लांबला तर लांबू दे. जर्मन मुलंही लांबवतात आणि त्यांच्या आया काही बोलत नाहीत.

लेक्चरपेक्षा सराववर्ग महत्त्वाचे. तिथं सहायक फळ्यावर गणितं सोडवतो आणि परीक्षेत साधारण त्याच वळणाचं येतं. प्रत्येक विभागाची विद्यार्थी संघटना असते, फाखशाफ्ट म्हणतात तिला. जुन्या प्रश्नपत्रिका तिथं मिळतात, नवख्यांसाठी पहिल्या आठवड्यात ओळखीचे कार्यक्रमही तीच करते. संकोच बाजूला ठेवून तिथं जा. आपल्या पद्धतीने प्रश्नसंच पाठ करून मात्र भागत नाही. उत्तर माहीत असलं तरी वेळ पुरत नाही, म्हणून घड्याळ लावून सोडवायची सवय करा. आणि लॅबचं जर्नल मित्राचं बघून उतरवायची आपली जुनी कला घरीच ठेवून या. इथं ती फसवणूक धरतात, एकाची नव्हे, दोघांची.

प्राध्यापकांना मेल लिहिताना 'रिस्पेक्टेड सर'पासून चार ओळींची प्रस्तावना नको. नाव, मॅट्रिक नंबर (विद्यापीठातला आपला विद्यार्थी क्रमांक), विषय, एक प्रश्न, आभार. उत्तर आलं नाही तर आठवड्याने पुन्हा लिहा. राग येत नाही कुणाला.

कामाचा प्रश्न वडील विचारतात, आडून. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. विद्यापीठातच सहायकाचं काम मिळालं, ज्याला हिवी म्हणतात, तर ते या मर्यादेत धरत नाहीत. २०२५ मध्ये किमान वेतन तासाला १२.८२ युरो होतं. खायचा-प्यायचा खर्च त्यातून सुटतो. कर्जाचा हप्ता सुटेल असं घरी सांगून निघू नका. पहिल्या सेमिस्टरला तर काम नकोच, असं माझं मत आहे. हिवीच्या जागा संस्थांच्या नोटीस बोर्डावर आणि वेबसाइटवर येतात, पण बऱ्याचशा सराववर्गात ओळख झालेल्यालाच मिळतात.

भाषेत आपण पुढं असतो, फक्त ते आपल्याला ठाऊक नसतं. घरात मराठी, रविवार पेठेत कन्नडमध्ये "एष्टु री?" (कितीला हो?), कॉलेजात इंग्रजी, बसमध्ये हिंदी, व्याकरणाचा विचार न करता आपण काम भागवत आलोय. पुण्या-मुंबईची हुशार मुलं जर्मनची बी-१ ही मधली पातळी होईपर्यंत बेकरीत तोंड उघडत नाहीत. तुम्ही ए-१ या पहिल्या पातळीवरच उघडा. मोडकंतोडकं बोला, समोरचा इंग्रजीवर आला तरी आपण जर्मनच लावून धरा. विद्यापीठात भाषेचे वर्ग असतात, जागा पटकन भरतात. मास्टर्स इंग्रजीत झालं तरी नोकरीच्या मुलाखतीत भाषेचा प्रश्न येतोच.

आणि १ नोव्हेंबर. घरी काळा दिवस, बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा. इथं आमच्या राज्यात ऑल सेंट्सची सरकारी सुट्टी, दुकानं बंद, त्यामुळे सगळी मोकळी असतात आणि कन्नड मुलं राज्योत्सवाचं, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापना दिनाचं, जेवण ठेवतात. बेळगावचा म्हटल्यावर आमंत्रण येणारच, आणि एखादा मुद्दाम खोचक बोलणारही. जायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं. मी जाते. धारवाडची शेजारीण गणपतीत माझ्याकडं मोदक वळायला येते, आजारी पडले तर सूप आणते, आणि कुकरची रिंग तिच्याकडं नेहमी जास्तीची असते. वाद व्हायचाच झाला तर जेवणानंतर होतो.

स्वयंपाकघर सामायिक असतं. फोडणी देताना खिडकी उघडा, दार लावा. छतावरचा धुराचा अलार्म मोहरीलाही आग समजतो. कचऱ्याचे चार डबे असतात, काय कशात जातं त्याचा तक्ता भिंतीवर असतो, तो पहिल्याच दिवशी वाचा. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते, मशिनमध्ये परत टाकली की मिळते. रात्री दहानंतर शांतता म्हणजे शांतता. घरी व्हिडिओ कॉल त्याआधी उरका, नाहीतरी हिवाळ्यात बेळगाव साडेचार तास पुढं असतं.

दुखलं-खुपलं तर विम्यात बहुतेक सगळं बसतं. महिन्याला १४०-१५० युरो जातात ते त्याचेच. जवळचा फॅमिली डॉक्टर आजारी पडण्याआधी शोधून ठेवा. जिवावरचं असेल तर ११२, दवाखाना बंद असताना डॉक्टर हवा असेल तर ११६११७. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो आणि परीक्षा तोंडावर असते, तेव्हा बरीच मुलं गप्प होतात, खोलीबाहेर येत नाहीत. विद्यापीठात समुपदेशन फुकट आहे. आईला सांगायला संकोच वाटत असेल तर आधी तिथं सांगा, पण सांगा.

तिकीट काढताना वार बघा. रविवारी दुकानं बंद, ३ ऑक्टोबरला देशभर सुट्टी, आणि शुक्रवारी दुपारनंतर हॉस्टेलची चावी देणारा माणूस सापडत नाही. फ्रँकफर्ट किंवा ड्युसेलडॉर्फ विमानतळावरून आखेनला सरळ रेल्वे आहे. मंगळवार-बुधवारी सकाळी उतरेल असं विमान बघा, आणि चावी देणाऱ्याला उतरायची वेळ आठवडाभर आधी मेलवर कळवा.