दोन थेंबांच्या मधली पुस्तकं

माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं. डावा डोळा लहानपणापासूनच मंद. म्हणजे एका डोळ्याच्या जोरावर या माणसानं पन्नास वर्षं सुईत दोरा ओवला. डॉक्टरांनी सांगितलं, चष्म्याचा नवा नंबर महिना-सव्वा महिन्यानं काढू. तोपर्यंत डोक्यावरून पाणी नाही, चुलीपुढं बसायचं नाही, वाकून काही उचलायचं नाही. जुना चष्मा लावला तर समोर नुसता धूर. अण्णांना गावाकडून अंबाजोगाईला माझ्याकडं आणलं आणि दुसऱ्याच दिवशी ते म्हणाले, "पेपर तरी वाचून दाखव बाई."

पेपर तीन दिवस वाचला. चौथ्या दिवशी तेच म्हणाले, "रोज तेच हाय की. दुसरं काही बघ."

तर या महिन्यात माझी जी काही पुस्तकं संपली ती सगळी मोठ्यानं वाचून. डोळ्यांत दोन औषधं सोडायची होती. एक टाकलं की पाच मिनिटं थांबून दुसरं. सुरुवातीला हे दिवसातून सहा वेळा. सकाळी पोस्टात जाण्याआधी दोनदा मी, दुपारचं माझा मुलगा, संध्याकाळनंतरचं परत मी. ती मधली पाच मिनिटं अण्णा डोळे मिटून खुर्चीत मान मागं टाकून बसायचे आणि मी वाचायची. पाचाची पंधरा कधी व्हायची कळायचं नाही. दुसरा थेंब राहिलाय हे अण्णाच आठवण करून द्यायचे.

मी एरवी झरझर वाचणारी. वर्णन आलं की डोळा खाली उडी मारतो. तोंडानं वाचताना तसं पळता येत नाही. लेखकानं कुठं पाणी घातलंय ते लगेच जिभेला कळतं.

पहिला बळी गेला एका भाषांतरित रहस्यकादंबरीचा. नाव लिहीत नाही, भाषांतरकाराचा काही वैयक्तिक दोष नसेलही. मनातल्या मनात मी ती एका रात्रीत संपवली असती. मोठ्यानं वाचताना वाक्यं अशी अडकायला लागली की श्वास कुठं घ्यावा कळेना. 'ज्याने', 'ज्याच्या', 'ज्यामुळे' करत वाक्य चाललंय आणि क्रियापद कुठल्या कुठं. अण्णांनी चौदाव्या पानावर निकाल दिला. "आतली शिलाई बाहेरून दिसूलालीय. ठेव ते." मी ठेवलं. खुनी कोण ते अजून माहीत नाही आणि फारसं अडलंही नाही.

मग 'स्मृतिचित्रे' काढलं. हे माझं तिसऱ्यांदा. लक्ष्मीबाई टिळकांचं पुस्तक वाचून दाखवायला काही कष्टच पडत नाहीत, बाई समोर बसून सांगतेय असंच आहे ते. 1934 ते 1937 मध्ये चार भागांत आलेलं पुस्तक, पण एकही वाक्य शिळं नाही. सोवळ्याच्या वेडानं बाहेरून आलेली प्रत्येक गोष्ट धुऊन घेणारे वडील आले तेव्हा अण्णा डोळे मिटूनच इतके हसले की मला काळजी वाटली, टाक्याचं काही व्हायचं. (टाका नसतो म्हणे आता. पण शिंप्याच्या घरात टाका नाही हे पटायला वेळ लागतो.) त्याबद्दल आणखी लिहायला नको, ज्यांनी वाचलंय त्यांना माहीतच आहे.

'लीळाचरित्र' मी वाचीन असं स्वतःलाही वाटलं नव्हतं. बी.ए.ला मराठी घेतलं होतं तेव्हा त्यातल्या चार लीळा परीक्षेपुरत्या केल्या होत्या. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी, मराठीतला आद्य गद्य ग्रंथ, लेखक म्हाइंभट, तेरावं शतक, पाच मार्क. यावेळी घरातली जाड प्रत काढली ती अण्णांनी 'जुनं काहीतरी वाच' म्हटलं म्हणून. सगळं झालं नाही. 'एकांक' संपवला आणि 'पूर्वार्ध' अर्धा, म्हणजे 'संपलेली पुस्तकं' म्हणताना मी थोडी लबाडी करतेय.

पहिल्या दिवशी जीभ ठेचकाळत होती. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की वाक्यं लहान आहेत, बोलल्यासारखी आहेत, आणि अण्णा माझ्याआधी अर्थ सांगतायत. मी शब्दार्थाची यादी शोधत होते, आणि हा चौथीपर्यंत शिकलेला माणूस डोळे मिटून 'हां, म्हंजी असं' म्हणत होता. बाइसा त्यांना फार आवडली. पैठणची ती म्हातारी, चक्रधरांचं खाणंपिणं, झोप, आलं-गेलं सगळं सांभाळणारी, कोण कधी भेटायला आलं तर त्याच्यावर डाफरणारी. "ही तुझ्या आजीसारखीच हाय," म्हणाले. पुढं पुढं मी पुस्तक उघडलं की विचारायचे, "बाइसा हाय का आज?"

काऊचिऊची गोष्ट त्यात आहे हे मला शिकताना माहीत होतं, पण तिथपर्यंत वाचत गेल्यावर अंगावर काटा आला. तिथं चिमणी नाही, साळई आहे. साळईचं घर मेणाचं, कावळ्याचं घर शेणाचं. साडेसातशे वर्षांपूर्वी गोदावरीकाठी सांगितलेली गोष्ट, आणि माझ्या मुलाला मी झोपवताना तीच. अण्णांना त्याचं काहीच नवल वाटलं नाही. "मग? गोष्ट काय आपल्या आईनं काढली व्हती का?"

मला मात्र जास्त भिडले ते म्हाइंभट. चक्रधर निघून गेल्यावर हा माणूस आठवणी गोळा करत फिरला. ज्यानं पाहिलं, ज्यानं ऐकलं त्याला विचारत. आणि दोघांचं जुळलं नाही तर एकाला खोटं न पाडता दोन्ही पाठ ठेवायचे, याला तिथं 'वासना' म्हणतात. आमच्या भावकीतल्या एका वाटणीच्या वेळी असा एखादा म्हाइंभट हवा होता. जाऊ द्या.

मधे एक छोटी पुस्तिका वाचली, इथल्याच संतकवी दासोपंतांवरची. अंबाजोगाईत राहून दासोपंत न वाचणं म्हणजे विहिरीच्या काठावर राहून तहानलेलं राहणं; मीही वीस वर्षं तशीच राहिले. गीतेवरच्या 'गीतार्णवा'च्या सव्वा लाख ओव्या म्हटल्यावर हात कोण लावणार! पण त्यांची पासोडी ऐकून अण्णा सरळ उठून बसले. कापडावर लिहिलेला ग्रंथ, सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद.

"चाळीस फूट म्हंजी तेरा वार आन वर एक फूट," अण्णा म्हणाले. "अठ्ठेचाळीसचा पन्हा." थोडं थांबून, "जाडंभरडं आसंल. मऊ कापडावर बोरू चालत नाही, शाई फुटती." दासोपंतांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागायची अशी दंतकथा आहे, तीही वाचली. त्यावर अण्णांनी लग्नसराईत रोज दोऱ्याची किती रिळं लागायची याचा हिशेब सांगितला. त्या संध्याकाळी दासोपंत आमच्या धंद्यातले झाले.

नरहर कुरुंदकरांचं 'हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन' पाच मिनिटांत बसणारं नाही. ते जेवणानंतर घ्यायचो. कुरुंदकर एक मुद्दा हातात घेतात, वाचणारा मान डोलावतो, आणि मग तेच तो मुद्दा उलटा करून दाखवतात. ऐकायला सोपं, पण मधे कुणी उठून गेलं तर धागा तुटतो. मी सप्टेंबर 1948 च्या पोलीस ॲक्शनपाशी आले. 13 तारखेला फौज शिरली, 17 ला निजाम शरण आला. एवढं शाळेतही पाठ केलं होतं. अण्णा तेव्हा दोन वर्षांचे. त्यांच्या आईनं त्यांना पाठीशी बांधून रात्रीचं शेतातून नेलं होतं आणि रडू नये म्हणून तोंडात गुळाचा खडा दिला होता, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. का सांगितलं नाही कधी? "कुणी इचारलंच नाही." अण्णांचे वडील उर्दूत शिकले होते, कारण निजामाच्या राज्यात शाळाच उर्दू, हेही तेव्हाच निघालं. त्या रात्री पुस्तकाची चारच पानं झाली.

आणि 'पाचोळा'.

रा. रं. बोराडे सर फेब्रुवारी 2025 मध्ये गेले, तेव्हापासून परत वाचायचं मनात होतं. 1971 ची कादंबरी. गावातल्या गंगाराम शिंप्याच्या घराची गोष्ट, सांगते त्याची बायको, आपल्या उस्मानाबादकडच्या बोलीत. वाचनालयातून जी प्रत मिळाली ती परीक्षेच्या पोरांनी पेन्सिलीनं रंगवलेली. समासात 'महत्त्वाचे', 'प्र. 3 – नायिकेचे स्वभावचित्रण'. एकदा ओघात मी तेही वाचून गेले. अण्णा म्हणाले, "हे कोन बोललं मधीच?"

मला वाटलं होतं शिंप्याची गोष्ट म्हणून अण्णा खूश होतील, दोन-चार चुका काढतील. पहिल्या दिवशी काढल्याही, मशीन आणि गिऱ्हाईक यावरून. मग काढेनात. बाप-लेकाचं जुळत नाही, गावातलं वैर घरात शिरतं, आणि ती बाई दोघांच्या मधे. मी वाचत होते आणि माझ्याच कानाला माझा आवाज अनोळखी वाटायला लागला. ही बोली मी पोस्टाच्या काउंटरवर बोलत नाही. घरातही कमीच. ही माईची बोली. माईला जाऊन सहा वर्षं झाली. ती रात्री काज करत बसायची, शेजारी कंदील, नंतर बल्ब, तोंडात दोरा, आणि दोरा तोंडात धरूनच बोलायची. अण्णा पायमशीनवर, पाठ तिच्याकडं. ती काय बोलायची त्यातलं अण्णा किती ऐकायचे कोण जाणे. मशीनचा आवाजच एवढा.

आता मशीन नव्हतं. मी वाचत होते आणि अण्णा डोळे मिटून खुर्चीत. एका ठिकाणी थांबले तर म्हणाले, "थांबू नको." दुसरा थेंब त्या दिवशी राहूनच गेला.

एका जागी मी दीड पान गाळलं. काय होतं ते इथं लिहीत नाही. आमच्या घरात तसंच एकदा झालं होतं, मी आठवीत होते, एवढं पुरे. मी पुढच्या परिच्छेदावर उडी मारली. आवाज बदलला नाही असं मला वाटलं.

गेल्या गुरुवारी चष्मा आला. योगेश्वरी देवीच्या मार्गशीर्षातल्या नवरात्राची गर्दी होती म्हणून दुकानातून परत यायला उशीर झाला. अण्णांनी चष्मा लावून आधी भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, मग औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं, मग माझ्या बाहीची शिलाई बघून तोंड वाकडं केलं. मी स्वयंपाकाला लागले. भाकरी तव्यावर टाकून बाहेर डोकावले तर हातात 'पाचोळा', बोट एका ओळीखाली, ओठ हलतायत.

"हे तू वाचलं नव्हतंस," ते म्हणाले. मान वर केली नाही.

"व्हय."

ते वाचत राहिले. पान उलटलं. मी भाकरी उलटायला आत गेले आणि परत आले.

"कधी द्यायचंय हे माघारी?"

"सोमवारी."

"राहू दे अजून. दंड मी भरतो."