जबडा उघडणारा प्रेस

हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या शॉपमध्ये त्या सकाळी बुश (भोकात दाबून बसवायची नळी) बसवलेले चाळीस नग रिजेक्ट होऊन परत आले. पितळी बुश 12 मिमी आत बसायला हवे होते. कुठे बरोबर, कुठे 11.9. हँड प्रेसचा स्टॉपर जागच्या जागी, ऑपरेटरही तोच. मला काही सुचेना.

त्यात कोलोराडोहून आलेला भाचा पाठीशी उभा. तिकडे तो रेंजवर .308 रायफल चालवतो आणि काडतुसं स्वतः भरायची म्हणतो. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे त्याला परवाना लागतो. तिकडे स्वतःपुरतं चालतं. "मामा, काडतुसं भरायला प्रेस कोणता घेऊ, सांगा ना."

आमचे मिस्त्रीकाका वरणगावच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "आधी इकडं ये. दोघांचं दुखणं एकच आहे."

त्यांनी प्रेसच्या बेडवर मॅग्नेटिक स्टँड लावला, डायल गेजची टोच वरच्या डोक्याखाली टेकवली आणि भाच्याला दांडा ओढायला लावला. काटा सरकला. 0.11 मिमी! दांडा सोडला, पुन्हा शून्यावर. समोरून उघडी सी-फ्रेम जोर पडला की जबडा उघडत होती. घट्ट बुशला जास्त, सैल बुशला कमी. डोळ्यांदेखत ओतीव बीड वाकताना पाहून माझ्या अंगावर काटा आला. चार वर्षं मी त्या प्रेसवर भरवसा ठेवला होता.

मग काका पुंगळीवर, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचावर आले. उडालेली पुंगळी फुगते. तिला डायमध्ये (साच्यात) दाबून खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, साधारण दोन थाऊ (हजारांश इंच), म्हणजे 0.05 मिमी मागे ढकलायचा. पितळ दर वेळी कडक होतं, जोर जास्त लागतो. फ्रेमच उघडली तर एका पुंगळीचा खांदा बसेल, दुसरीचा नाही. म्हणून चारही बाजूंनी बंद फ्रेम, वरखाली होणारा जाड रॅम, जोडकड्यांचा दांडा, आणि टेबल भिंतीला बोल्टनं जखडलेलं. डायचे आटे बहुतेक ठिकाणी 7/8 इंच, 14 टीपीआय (इंचाला 14 आटे) असेच असतात, तेव्हा डाय पुढे बदलता येते.

भाच्याचं मन मात्र प्रोग्रेसिव्ह प्रेसवर: दर ओढीला एक तयार काडतूस.

"महिन्याला किती उडवतोस?"

"शंभरेक."

"मग घाई काहून करून राहिला?" मीच बोललो.

काकांचा आवाज चढला. दारू पडायची राहिलेली एक पुंगळी सुटली, तर नुसत्या प्रायमरच्या (पुंगळीच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीच्या) जोरावर गोळी नळीतच अडकते. मागून दुसरी झाडली की नळी फाटू शकते. एका ओढीत एकच काम करणाऱ्या सिंगल स्टेज प्रेसवर पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करायच्या, टॉर्च धरायचा आणि गोळी बसवण्याआधी प्रत्येकीत डोकावायचं. मला ते शंभर टक्के पटलं.

भाच्यानं तिथंच बंद फ्रेमचा सिंगल स्टेज नक्की केला. जळक्या प्रायमरच्या राखेत शिसं असतं, म्हणून काढलेले प्रायमर रॅममधून थेट नळीवाटे डब्यात पडतील असाच बघ, एवढं काकांनी दोनदा बजावलं.

नवे बुश आम्ही दोन्ही बाजूंनी खांब असलेल्या एच-फ्रेम प्रेसवर घेतले. संध्याकाळी भाच्यानंच डेप्थ गेज धरला: 12.00, 12.01, 12.00.