मोजायला गेलं कोण होतं?

घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दुर्बीण लावली की चार माणसं जमतातच. चंद्र, शनी बघून झाले की कोणीतरी हमखास विचारतं: विश्व वाढत्या वेगानं प्रसरण पावतंय म्हणता, पण एवढी अंतरं मोजायला गेलं कोण होतं? प्रश्न खोचक आहे, पण रास्त आहे. तोवर खाली जेवणं खोळंबलेली असतात, म्हणून उत्तर इथे लिहितो.

गच्चीवरून रस्त्याच्या दिव्यांकडे बघा. अंतर दुप्पट झालं की उजेड पाव होतो, म्हणजे दिवा किती मंद दिसतो त्यावरून तो किती लांब आहे हे काढता येतं. अट एकच, दिव्याचा मूळ उजेड माहीत हवा. ताऱ्यांच्या बाबतीत गोची तिथेच होते. त्यातून वाट काढली ती टाइप वन-ए जातीच्या सुपरनोव्हांनी, म्हणजे ताऱ्यांच्या स्फोटांनी. श्वेतबटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला छोटा, दाट गाभा, शेजारच्या ताऱ्याकडून वस्तुमान ओढत सूर्याच्या सुमारे १.४ पटीपाशी पोचला की आतला कार्बन पेटतो आणि अख्खा तारा उडतो; वस्तुमान दरवेळी साधारण तेवढंच, म्हणून मूळ उजेडाचा अंदाज येतो. (दोन श्वेतबटू एकमेकांवर आदळूनही असे स्फोट होतात असं मानतात, त्यावरचा वाद मिटलेला नाही.) ही १.४ची मर्यादा खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावानं ओळखली जाते. १९३० साली मुंबईहून बोटीनं इंग्लंडला जाताना ते त्या गणितात शिरले, तेव्हा त्यांचं वय १९ होतं.

आता एक खटकणारी गोष्ट. हे सगळे स्फोट अगदी सारखे तेजस्वी असतात, असं लेखांतून बिनधास्त ठोकून देतात. तसं नसतं. काही जास्त उजळ, काही कमी. पण खगोलशास्त्रज्ञ मार्क फिलिप्स यांनी १९९३ मध्ये दाखवलं, की जो जास्त उजळ तो सावकाश मावळतो. म्हणून एका रात्रीच्या फोटोवर भागत नाही. साधारण तीन आठवड्यांत स्फोट कळसाला पोचतो, पुढच्या पंधरा दिवसांत किती उतरतो हे बघायचं आणि त्यावरून खरं तेज ठरवायचं. शिवाय मधली धूळ. आमच्याकडे बांधकामाच्या धुळीत दिवा मंद होतो आणि तांबूसही दिसतो, अंतराळातही तेच. म्हणून वेगवेगळ्या रंगांच्या फिल्टरमधून मोजून धुळीचा हिशेब वजा करतात. खरी मेहनत इथे आहे, स्फोट सापडण्यात नाही.

अंतर असं मिळतं. वर्णपटातल्या (प्रकाश रंगांत फोडल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यातल्या) रेषा तांबड्याकडे किती सरकल्या त्यावरून प्रकाश निघाल्यापासून विश्व किती ताणलं गेलं ते कळतं. दोन्ही आकडे शेजारी मांडले की प्रसरणाचा इतिहास समोर येतो. १९९८च्या सुमारास खगोलशास्त्रज्ञ पर्लमटर यांचा एक गट आणि श्मिट-रीस यांचा दुसरा, दोघेही प्रसरण किती मंदावतंय हे मोजायला निघाले होते. लांबचे स्फोट अपेक्षेपेक्षा मंद भरले, म्हणजे साधारण १० ते १५ टक्के जास्त लांब; याचा अर्थ प्रसरण मंदावत नव्हतं, उलट वेग घेत होतं. फरक एवढासाच, पण एकमेकांशी चुरस असलेल्या दोन गटांना तो मिळाला, म्हणून माझा त्यावर विश्वास बसतो. २०११ला तिघांना नोबेल मिळालं. वेग वाढवणाऱ्या कारणाला कृष्ण ऊर्जा म्हणतात, विश्वातल्या एकूण ऊर्जेत तिचा वाटा ७० टक्क्यांच्या आसपास येतो. ती आहे काय, हे कोणालाच माहीत नाही.

आणि नाही, ठाणे-कळवा अंतर यामुळे वाढत नाही. पृथ्वी, सूर्यमाला, आपली आकाशगंगा, सगळं गुरुत्वाकर्षणानं घट्ट बांधलेलं आहे.

आता नवं काय, तर लाखो दीर्घिकांचा नकाशा काढणाऱ्या डेसी प्रकल्पाच्या २०२४ आणि २०२५च्या निष्कर्षांत कृष्ण ऊर्जा हळूहळू क्षीण होत असावी असा कल दिसला. पण सुपरनोव्हांची कुठली यादी जोडली त्यानुसार तो कमी-जास्त भरतो. जवळचे आणि लांबचे स्फोट वेगवेगळ्या दुर्बिणींनी मोजलेले असतात, त्यांची मापं जुळवताना जरा चूक झाली तरी असा कल दिसू शकतो. चिलीतली रुबिन वेधशाळा एकाच कॅमेऱ्यानं ढिगानं सुपरनोव्हा टिपणार आहे. तोवर मी तरी यावर पैज लावणार नाही.