शिळफाटा रोडवरचं फाइन डाइन

आज आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, म्हणून कल्याण-शिळ रोडवरच्या एका नव्या 'फाइन डाइन'मध्ये नेलं. उजेड इतका मंद की बाबांनी मोबाईलची बॅटरी लावून मेनू वाचला. वेटरने मांडीवर नॅपकिन पसरला तर दचकलेच, "राहू दे रे, मी करतो."

मग वडापाव आला. काळ्या पाटीवर पाव एकीकडे, वडा दुसरीकडे, मध्ये चटणीचे तीन ठिपके. ३४० रुपये! आईने निमूटपणे सगळं पावात कोंबलं आणि म्हणाली, "आता झाला."

आमच्या लहानपणी डोंबिवलीत फाइन डाइनिंग म्हणजे हॉटेलचा वरचा मजला. एसी, म्हणून दर जास्त, म्हणून वर्षातून एकदाच. मंचाव सूपवर तळलेले नूडल्स आणि शेवटी वाटीत लिंबाची फोड टाकलेलं कोमट पाणी. (मावसभावाने ते पिऊन टाकलं होतं. अजून ऐकवतो त्याला.)

बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज. २०२२च्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या सूचनांप्रमाणे तो आपोआप लावता येत नाही, म्हटल्यावर मुकाट काढला. बाबांनी तेवढेच पैसे नॅपकिनवाल्या पोराच्या हातावर ठेवले.

बाहेर पडताच आई म्हणते, "घरी वरणभात लावू का?"