सर्व्हर तुमचा, मग चाकू का देत नाही?

"सर्व्हर तुम्ही चालवता, भाडं तुम्ही भरता, मग आम्हाला हवी ती स्किन का लावू देत नाही?" काउंटर-स्ट्राइक या ऑनलाइन नेमबाजीच्या खेळाच्या आमच्या सर्व्हरवर नवीन आलेला जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो. स्किन म्हणजे खेळातल्या बंदुकीचं किंवा चाकूचं सजवलेलं रूप. चॅटमध्ये उद्गारचिन्ह देऊन 'नाइफ', म्हणजे चाकू, टाइप करतो, काहीच होत नाही, मग प्रश्न येतो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते.

काम खरं तर एका शब्दाचं आहे. सीएसजीओच्या, म्हणजे या खेळाच्या आधीच्या आवृत्तीच्या, काळात सोर्समॉड या सर्व्हरला जोडायच्या सॉफ्टवेअरच्या कोअर फाइलमध्ये एक ओळ होती, 'फॉलो सीएसजीओ सर्व्हर गाइडलाइन्स', आणि तिच्यापुढे अवतरणात 'येस'. तिथे 'नो' लिहिलं की प्लगइनला (त्यावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला) कोणाच्याही हातात कोणताही चाकू देता यायचा. आता काउंटर-स्ट्राइक 2 साठी काउंटरस्ट्राइकशार्प हे तसंच सॉफ्टवेअर वापरतो, त्यातही तशीच ओळ आहे, फक्त 'येस'च्या जागी 'ट्रू'. दुसरं काही बदलायला ती फाइल मी कितीतरी वेळा उघडते, पण त्या ओळीला हात लावत नाही.

कारण मशीन आमचं असलं तरी दाराची किल्ली आमची नाही. सर्व्हर सगळ्यांसाठी खुला ठेवायचा तर गेम सर्व्हर लॉगिन टोकन लागतं. ते हा खेळ बनवणारी कंपनी व्हॉल्व्ह देते आणि ते सर्व्हर चालवणाऱ्याच्या स्टीम खात्याला (स्टीम म्हणजे व्हॉल्व्हचं गेमचं ऑनलाइन दुकान) जोडलेलं असतं. 2015 मध्ये व्हॉल्व्हने स्पष्ट केलं की खेळाडूकडे नसलेली वस्तू त्याच्याकडे आहे असं दाखवायचं नाही, खोटी रँक दाखवायची नाही. मोडलंत तर टोकनवर बंदी. मी आमच्या नेहमीच्या मंडळींचा विचार करते. दर शनिवारी रात्री तीच माणसं त्याच पत्त्यावर येतात, एकमेकांचे आवाज ओळखतात. घटकाभराच्या चाकूसाठी त्यांची जागा मी पणाला लावणार नाही.

आणि खरं सांगू का, हा नियम मला अन्यायाचाही वाटत नाही. स्किन 2013 मध्ये आल्या, त्यांचा बाजार उभा राहिला, आणि स्टीमच्या बाजारात झालेल्या प्रत्येक विक्रीवर 15 टक्के कापले जातात. म्हणजे कंपनीचं हित त्यात उघड आहे. पण त्यातल्या कितीतरी स्किन खेळाडूंमधल्याच कलाकारांनी काढून स्टीमच्या वर्कशॉप या विभागात दिलेल्या आहेत आणि त्यांना त्याचा मोबदला मिळतो. दुसऱ्याचं काम 'व्हीआयपी'च्या नावाखाली विकणारे सर्व्हरही होते. तो धंदा मला कधीच पटला नाही.

माइनक्राफ्टच्या बाबतीतही माझं मत असंच आहे. 2014 मध्ये तो खेळ बनवणाऱ्या मोजांगने सर्व्हरवाल्यांना 1 ऑगस्टपर्यंत मुदत दिली: पैसे घेऊन वरचढ तलवार विकू नका, शोभेच्या वस्तू विका, फक्त केप (पाठीवरचा झगा) नको. तेव्हा खूप आरडाओरडा झाला. पण ज्याच्याकडे पैसे त्यालाच जिंकवणारा सर्व्हर बाकीच्यांना नुसतं गिऱ्हाईक करून सोडतो.

माझा विरोध पुढे सुरू होतो. तुम्ही जे विकता त्याची नक्कल करू नका, हे सांगण्याचा प्रकाशकाला अधिकार आहे. आम्ही जे घडवलं ते तुमचं, हे म्हणण्याचा नाही. 2020 मध्ये वॉरक्राफ्ट 3 ची नवी आवृत्ती आली, तेव्हा ती बनवणाऱ्या ब्लिझर्डने खेळाडूंनी बनवलेले सगळे कस्टम गेम आपल्या मालकीचे ठरवले. ज्या खेळात खेळाडूंनी डोटा हा गाजलेला खेळ घडवला, त्याच खेळात! स्वतः काउंटर-स्ट्राइक 1999 मध्ये हाफ-लाइफ या खेळाचा एक मॉड, म्हणजे खेळाडूंनी केलेलं बदललेलं रूप, म्हणूनच जन्मला. जीटीए खेळ बनवणाऱ्या रॉकस्टारने 2015 मध्ये त्याच्याच फाइव्हएम या मॉडच्या निर्मात्यांची खाती बंद केली आणि 2023 मध्ये त्याच टीमला आपल्यात सामावून घेतलं. काल जो गुन्हा होता तो आज कंपनीचा विभाग होतो. म्हणून नियम लिहिताना तो नेमका लिहा, आणि बंदीआधी सुधारायला वेळ द्या, एवढी माझी मागणी आहे. धूसर नियमाला घाबरून माणसं नवं काही करतच नाहीत.

आमच्याकडे चाकू मागायला आलेला एक मुलगा आता आमच्यासाठी सर्फचा, म्हणजे तिरक्या उतारांवरून घसरत जायचा, मॅप बनवतोय. उतारावर जिथे दोन तुकडे जुळतात, तिथे भरधाव घसरणारा खेळाडू भिंतीला आदळावा तसा थांबायचा. तीन आठवडे तो त्या एका सांध्यापाशी अडला होता. हॅमर या मॅप बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये कोन थोडा बदलायचा, मॅप कंपाइल करायचा, स्वतः घसरून बघायचा, पुन्हा बदलायचा. काल रात्री तो सलग खालपर्यंत गेला आणि माइकवर ओरडला. त्याच्या मॅपवर कोणत्याही नियमाची हरकत नाही. येत्या शनिवारी तोच लावणार आहे.